जठराचा कर्करोग : यकृतातील प्रक्षेप व त्यांवरील उपचार

जठराच्या श्लेष्मकलेत (आतील बुळबुळीत अस्तरात) उद्‌भवलेल्या कर्करोगाच्या कोशिका रक्तप्रवाहाबरोबर यकृतात जाऊन तेथे रुजल्या म्हणजे यकृतात ज्या गाठी वाढतात, त्यांना प्रक्षेप किंवा दुय्यम अर्बुदे म्हणतात. यकृतात मुळातच उत्पन्न होणाऱ्या कर्करोगाहून या गाठी वेगळ्या होत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्यांतील कोशिका जठराच्या कर्करोगाच्याच आढळतात आणि उपचारांची निवडही त्यालाच अनुसरून करावी लागते. रोगाच्या वर्गीकरणात ही चौथी, म्हणजे शेवटची अवस्था मानली जाते.

जठर, आतडी व प्लीहा यांतील रक्त प्रवेशिका नीलेवाटे थेट यकृतात जाते. त्यामुळे जठरातून सुटलेल्या कोशिका अडविणारी पहिली गाळणी म्हणजे यकृत होय. तथापि रक्त वाहण्याची दिशा एवढ्यानेच सर्व उलगडा होत नाही. ब्रिटिश शस्त्रक्रियातज्ञ स्टीव्हन पॅजेट (१८५५–१९२६) यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले, की रोगकोशिका बीजाप्रमाणे सर्वत्र विखुरल्या, तरी अनुकूल जमीन मिळेल तेथेच त्या रुजतात. जठराच्या कर्करोगात बीजाच्या जातीलाही महत्त्व आहे. फिनलंडमधील पेक्का लाउरेन यांनी १९६५ मध्ये या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार वर्णिले. आंत्रसदृश प्रकारात कोशिका आतड्याच्या अस्तराप्रमाणे ग्रंथींच्या रूपात रचलेल्या असतात आणि तो रक्तावाटे यकृताकडे जाण्याची प्रवृत्ती अधिक असते. विसरित प्रकारात कोशिका सुट्या सुट्या भिंतीत पसरतात आणि रोग बहुधा पर्युदरावर (उदरपोकळीच्या अस्तरावर) फैलावतो. हा भेद पुढे औषधांच्या निवडीतही उपयोगी पडला.

या अवस्थेच्या उपचारांचा इतिहास पाहता एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. रोग यकृतात पोहोचल्यावर जठर कापून काढल्याने रुग्णाचा काही लाभ होतो काय? शस्त्रक्रियातज्ञांचा कल दीर्घकाळ होकाराकडे होता. पुराव्यानिशी उत्तर मिळण्यास मात्र जठराच्या पहिल्या यशस्वी शस्त्रक्रियेपासून सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

शस्त्रक्रियेचा आरंभ : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उदर उघडणे म्हणजे बहुधा मृत्यू ओढवून घेणे होते. भूल देण्याची पद्धत (१८४६) आणि जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत (१८६७) रूढ झाल्यावर हे चित्र पालटले. व्हिएन्ना येथे टेओडोर बिलरोट (१८२९–९४) यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर व आलेक्सांडर फोन विनिवार्टर यांनी १८७६ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून जठराचा निर्गमाकडील भाग काढून टाकला तरी प्राणी जगू शकतो, असे दाखविले. त्याचबरोबर त्यांनी व्हिएन्नातील हजारो शवपरीक्षांच्या नोंदी चाळल्या. जठरनिर्गमाच्या कर्करोगाने मेलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्के व्यक्तींत रोग इतरत्र पसरलेला नव्हता, असे त्यांना आढळले. शस्त्रक्रियेचे समर्थन त्यांनी या आकड्यावर उभारले. उरलेल्या साठ टक्क्यांचे काय, हा प्रश्न त्या वेळी बाजूस राहिला.

पॅरिसमध्ये झ्यूल पेआं यांनी १८७९ मध्ये आणि पोलिश शस्त्रक्रियातज्ञ लुडविक रिडिगिअर यांनी १८८० मध्ये जठरनिर्गम काढून टाकण्याचा प्रयत्न केला, परंतु दोघांचेही रुग्ण दगावले. २९ जानेवारी १८८१ रोजी बिलरोट यांनी ४३ वर्षांच्या एका स्त्रीवर हीच शस्त्रक्रिया केली. जठरनिर्गम अर्बुदाने बुजल्यामुळे तिला सतत वांत्या होत होत्या व ती अतिशय क्षीण झाली होती. रोगग्रस्त भाग काढून उरलेले जठर ग्रहणीला (लहान आतड्याच्या पहिल्या भागाला) रेशमी टाक्यांनी जोडण्यास सुमारे दीड तास लागला. स्त्री बरी झाली, खाऊ लागली व घरी गेली. बिलरोट यांनी एका वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकांना पत्र लिहून ही वार्ता कळविली आणि यूरोपभर तिचा गाजावाजा झाला.

सुमारे चार महिन्यांनी ती स्त्री मरण पावली. शवपरीक्षेत टाके उत्तम भरून आलेले दिसले. रोग मात्र यकृतासह उदरात पसरलेला होता. शस्त्रक्रियेच्या इतिहासात ही घटना विजयाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. जठराच्या कर्करोगावरील पहिल्या यशस्वी शस्त्रक्रियेची रुग्णच प्रक्षेपांनी दगावली. शस्त्रक्रियेच्या दिवशी बहुधा यकृतातील बीजे रुजलेली होती, पण ती दिसण्याचे साधन कोणापाशीच नव्हते.

त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी बिलरोट यांचे साहाय्यक आंटोन व्हल्फ्लर यांनी अर्बुद काढता येण्याजोगे नाही, असे पाहून जठर थेट लहान आतड्याला जोडले व अन्नाला दुसरी वाट करून दिली. रोग तसाच ठेवून त्रास कमी करणारी ही पहिली महत्त्वाची शस्त्रक्रिया होय. तिचा गाजावाजा फारसा झाला नाही, पण पुढील शंभर वर्षांत जितक्यांना तिचा खरा उपयोग झाला तितक्यांना इतर अनेक धाडसी शस्त्रक्रियांचा झाला नसेल. कार्ल श्लाटर यांनी १८९७ मध्ये झुरिक येथे संपूर्ण जठर काढून टाकले. ती रुग्णही सुमारे चौदा महिने जगून प्रक्षेपांनीच मृत्यू पावली.

हाताने केलेले निदान : विसाव्या शतकाच्या पहिल्या सहा-सात दशकांत जठराच्या आतील स्थिती कळण्याची साधने झपाट्याने सुधारली. बेरियम देऊन घेतलेली क्ष-किरण चित्रे, रूडोल्फ शिंडलर यांचा अर्धलवचिक जठरदर्शक (१९३२), जपानमध्ये १९५० मध्ये तयार झालेला जठराच्या आतून छायाचित्रे घेणारा सूक्ष्म कॅमेरा आणि १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आलेला काचतंतूंचा लवचिक अंतर्दर्शक हे त्यांतील टप्पे होत. जपानने त्यांच्या बळावर आरंभीच्या अवस्थेतच रोग हुडकण्याची पद्धत उभारली. यकृताच्या बाबतीत मात्र शस्त्रक्रियातज्ञाचा हात हेच मुख्य साधन राहिले. उदर उघडावयाचे, तळहात यकृतावरून फिरवावयाचा आणि कठीण गाठी लागल्या, तर उदर पुन्हा शिवून टाकावयाचे, असा क्रम होता. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेचे दुःख सोसावे लागे, लाभ काहीच नसे. कित्येकदा आपले जठर काढले आहे, अशीच त्याची समजूत राहत असे. श्राव्यातीत तरंगांनी घेतलेली चित्रे व १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आलेले सीटी स्कॅन यांमुळे उदर न उघडता यकृत पाहता येऊ लागले. या साधनांनी कोणाचा रोग बरा केला नाही, परंतु निरर्थक शस्त्रक्रियांतून असंख्य रुग्णांची सुटका केली.

रासायनी चिकित्सा : अर्बुदांवर औषधे वापरण्याचा आधुनिक प्रयत्न १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात मोहरी वायूशी संबंधित नायट्रोजन मस्टर्ड या संयुगाने सुरू झाला. ते औषध रक्त व लसीका यांच्या कर्करोगांवर लागू पडे. जठराच्या कर्करोगावर परिणाम करणारे पहिले महत्त्वाचे औषध म्हणजे फ्ल्युओरोयुरॅसील होय. उंदरांच्या यकृतातील अर्बुदे युरॅसील हे द्रव्य निरोगी ऊतकापेक्षा अधिक प्रमाणात वापरतात, असे १९५४ मध्ये आढळले होते. या निरीक्षणावरून चार्ल्स हायडेलबर्गर यांनी युरॅसिलाच्या रेणूतील एका हायड्रोजनाच्या जागी फ्ल्युओरीन घालून त्याची फसवी प्रतिकृती करविली (१९५७). कोशिका ती खरे द्रव्य समजून आत घेते आणि डीएनएच्या घडणीला लागणारे एक एंझाइम त्यामुळे निकामी होते. हे औषध आजही उपचारांचा पाया आहे. रोगावरील औषध त्या रोगाच्याच भुकेचा अभ्यास करून शोधल्याचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकात विरळा.

जपानमध्ये मृदेतील सूक्ष्मजंतूंपासून १९५६ मध्ये मिळालेले मायटोमायसीन आणि नंतरचे डॉक्सोरुबिसीन ही फ्ल्युओरोयुरॅसिलाच्या जोडीस देऊन १९८० मध्ये अमेरिकेत एक त्रिऔषधी योजना प्रसिद्ध झाली. तिने सुमारे ४० टक्के रुग्णांची अर्बुदे लक्षणीय प्रमाणात आकसली, असे प्रथम आढळले. पुढील चाचण्यांत हे प्रमाण बरेच खाली आले. पहिल्या वृत्तांतातील आशा दुसऱ्या-तिसऱ्या चाचणीत ओसरावी, हा प्रकार या क्षेत्रात वारंवार घडलेला आहे.

अर्बुद आकसणे आणि रुग्ण अधिक काळ जगणे या दोन भिन्न गोष्टी होत. औषधांनी खरोखर आयुष्य वाढते काय, याचा निर्णय १९९० नंतरच्या दशकात लागला. त्या काळी यूरोपात झालेल्या काही छोट्या चाचण्यांत रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटास औषधे व शुश्रूषा आणि दुसऱ्यास केवळ शुश्रूषा देण्यात आली. या चाचण्या एकत्र अभ्यासता असे दिसले, की केवळ शुश्रूषेत मध्यक जीवनकाल (निम्मे रुग्ण ज्या मुदतीपर्यंत जिवंत असतात ती मुदत) सुमारे चार महिने होता व औषधांनी तो सुमारे अकरा महिन्यांवर गेला. हा लाभ लहान वाटेल. पण ज्या रोगात शंभर वर्षांच्या शस्त्रकौशल्याला यकृतापुढे काही करता आले नव्हते, त्यात तो पहिला सिद्ध झालेला लाभ होता. त्यानंतर सिस्प्लॅटीन, ऑक्सॅलिप्लॅटीन, डोसेटॅक्सेल आणि तोंडाने घ्यावयाची कॅपेसिटॅबीन व एस-१ ही औषधे आली. जपानमध्ये २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एस-१ व सिस्प्लॅटीन यांच्या जोडीने मध्यक जीवनकाल तेरा महिने, तर एकट्या एस-१ ने अकरा महिने आढळला. औषधांची संख्या वाढविली की लाभ थोडा वाढतो व त्रास पुष्कळ वाढतो, असा अनुभव आल्याने पुढे बहुतेक ठिकाणी दोन औषधांची योजना रूढ झाली.

औषध थेट यकृतात सोडण्याची कल्पनाही आकर्षक होती. निरोगी यकृताला रक्ताचा मोठा वाटा प्रवेशिका नीलेकडून मिळतो, तर त्यातील अर्बुदे आपले रक्त मुख्यतः यकृत रोहिणीतून घेतात, असे १९५४ मध्ये दाखविण्यात आले होते. त्यावरून रोहिणीत नळी घालून औषध देण्याचे प्रयोग विशेषतः जपानमध्ये झाले. यकृतातील गाठी आकसत, परंतु जठरातील, लसीका ग्रंथींतील व पर्युदरावरील रोग वाढतच राही. स्थानिक उपचाराची मर्यादा येथे पुन्हा एकदा उघड झाली.

रोगकोशिकांच्या खुणांनुसार उपचार : काही रुग्णांच्या अर्बुदकोशिकांच्या पृष्ठावर हर-२ नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर असते. स्तनाच्या कर्करोगावर १९९८ पासून वापरात असलेले ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड या प्रथिनाला चिकटून त्याचे कार्य रोखते. जठराच्या कर्करोगावरील मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत (२०१०) तपासलेल्यांपैकी सुमारे बावीस टक्के रुग्णांत ही खूण आढळली. रासायनी औषधांच्या जोडीस हे प्रतिपिंड दिल्यावर मध्यक जीवनकाल ११·१ महिन्यांवरून १३·८ महिन्यांवर गेला. लाउरेन यांच्या आंत्रसदृश प्रकारात, म्हणजे यकृताकडे जाणाऱ्या प्रकारातच, ही खूण अधिक आढळते. म्हणून यकृतात गाठी असलेल्या रुग्णाची ही परीक्षा चुकवू नये. याच प्रतिपिंडाला विषारी औषध जोडून केलेले ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकान २०२० मध्ये पुढील टप्प्यातील रुग्णांत परिणामकारक ठरले.

अर्बुद स्वतःस लागणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते. ही क्रिया रोखणारे रॅमुसिरुमॅब (२०१४) पहिली योजना निष्फळ झाल्यावर देतात. शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेला अर्बुद जो लगाम घालते तो काढणारी निव्होलुमॅबसारखी औषधे २०१७ पासून शेवटच्या टप्प्यात व २०२१ पासून आरंभीच्या उपचारात आली. पीडी-एल१ ही खूण पुरेशी असलेल्यांत रासायनी औषधांसह मध्यक जीवनकाल ११·१ ऐवजी १४·४ महिने झाला. डीएनएतील चुका दुरुस्त करण्याची यंत्रणा बिघडलेल्या अर्बुदांत हा लाभ याहून कितीतरी मोठा असतो, पण प्रसृत रोगात अशी अर्बुदे थोडीच आढळतात. क्लॉडिन १८·२ या प्रथिनावरील झोल्बेटुक्सिमॅब या प्रतिपिंडाने हर-२ नसलेल्या रुग्णांच्या एका चाचणीत (२०२३) हा काल १५·५ महिन्यांवरून १८·२ महिन्यांवर नेला. प्रथिनाच्या नावातील अंक आणि महिन्यांचा अंक सारखा येणे हा निव्वळ योगायोग आहे. आज जीवोतक परीक्षेसाठी (ऊतकाचा तुकडा काढून तपासण्यासाठी) घेतलेल्या एवढ्याशा नमुन्यात या सर्व खुणा पाहाव्या लागतात. नमुना अपुरा घेतला गेला, तर योग्य औषधाची वाटच बंद होते.

शस्त्रक्रियेचा पुनर्विचार : यकृताच्या शस्त्रक्रियेनेही दरम्यान मोठी मजल मारली होती. जाँ-लुई लॉर्ता-झाकोब यांनी यकृताचा उजवा खंड पद्धतशीरपणे काढल्याचा वृत्तांत १९५२ मध्ये दिला आणि क्लोद क्विनो यांनी १९५७ पर्यंत यकृताचे आठ स्वतंत्र भाग वर्णिले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे यकृतातील प्रक्षेप काढून कित्येक रुग्ण पूर्ण बरे होऊ लागले. तेव्हा जठराच्या कर्करोगातही हेच का करू नये, असा विचार पुढे आला. दोहोंतील फरक असा, की मोठ्या आतड्याचा रोग पुष्कळदा केवळ यकृतातच थांबलेला असतो. जठराचा रोग यकृतात आढळला, की बहुधा पर्युदर व दूरच्या लसीका ग्रंथी यांतही तो असतोच.

मूळ प्रश्नाचे उत्तर जपान, दक्षिण कोरिया व सिंगापूर येथील एका संयुक्त चाचणीने दिले (२०१६). यकृत, पर्युदर किंवा दूरच्या लसीका ग्रंथी यांपैकी एकाच ठिकाणी रोग पसरलेल्या १७५ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटात जठर काढून नंतर औषधे दिली, दुसऱ्यात केवळ औषधे दिली. शस्त्रक्रिया झालेल्यांचा मध्यक जीवनकाल १४·३ महिने, तर न झालेल्यांचा १६·६ महिने भरला. लाभाची शक्यता उरली नाही, असे दिसताच चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. जठर काढलेल्या रुग्णांचा आहार घटतो, वजन उतरते व औषधांच्या पुढील मात्रा त्यांना सोसत नाहीत, हे यामागील एक कारण होय. प्रथम औषधे देऊन रोग आटोक्यात आल्यावर जठर व प्रक्षेप दोन्ही काढण्याची जर्मन चाचणी २०२४ मध्ये जाहीर झाली. तिच्यातही एकंदर रुग्णांत शस्त्रक्रियेचा लाभ दिसला नाही.

याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. जपानमधील अनेक रुग्णालयांत यकृतातील प्रक्षेप काढलेल्या २५६ रुग्णांच्या २०१५ मधील आढाव्यात सुमारे ३१ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर जिवंत होते. हे रुग्ण निवडक होते. त्यांपैकी बहुतेकांच्या गाठी थोड्या होत्या आणि अशा रुग्णांचा रोग मुळातच मंदगती असण्याचा संभव असतो. म्हणून हा आकडा सर्वांना लावणे चुकीचे, तसेच तो दुर्लक्षिणेही चुकीचे होईल. यकृतात एकच लहान गाठ, इतरत्र रोग नाही व औषधांना चांगला प्रतिसाद, अशा मोजक्या रुग्णांत अनुभवी केंद्रात शस्त्रक्रियेचा किंवा सुईवाटे उष्णता देऊन गाठ जाळण्याचा विचार करता येतो. इतरांत जठर काढावयाचे ते न थांबणारा रक्तस्राव किंवा छिद्र पडणे अशा संकटापुरतेच.

शामक उपचार : जठरनिर्गम बुजल्यास व्हल्फ्लर यांची जोडशस्त्रक्रिया अथवा अंतर्दर्शकातून बसविलेली धातूची जाळीदार नळी, झिरपणाऱ्या रक्तासाठी प्रारण चिकित्सा (किरणांचा उपचार), कावीळ झाल्यास पित्ताचा निचरा आणि वेदनांसाठी मॉर्फीन असे हे उपचार होत. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेसाठी सेंट ख्रिस्टोफर्स ही संस्था काढली. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांवरील औषधांची पायरीवार योजना १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना ही अशा प्रकारची भारतातील पहिली संस्था सुरू झाली.

भारतात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मिझोरममध्ये फार मोठे आहे. महाराष्ट्रात ते त्यामानाने कमी असले, तरी रुग्ण बहुधा रोग पसरल्यावरच येतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) दूरदूरहून रुग्ण येतात आणि त्यांपैकी पुष्कळांच्या निवासाची सोय दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी होते. ट्रास्टुझुमॅबची भारतीय समरूप आवृत्ती २०१३ मध्ये मान्य झाल्याने त्याची किंमत उतरली. नवी प्रतिरक्षा औषधे मात्र अद्याप बहुसंख्यांच्या आवाक्याबाहेर आहेत. मॉर्फीन हे अत्यंत स्वस्त औषध आहे, परंतु अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे ते रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसे झाले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन नियम सुलभ झाले, तरी लहान गावांत ते आजही सहज मिळत नाही.

शामक शुश्रूषा म्हणजे उपचार संपल्यानंतरची सोय, ही समजूत बरोबर नाही. चीनमध्ये जठर व अन्ननलिका यांच्या प्रसृत कर्करोगाच्या ३२८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०२१) नेहमीच्या औषधांच्या जोडीस आरंभापासूनच आहारतज्ञ व मानसतज्ञ यांचे साहाय्य देण्यात आले. त्या गटाचा मध्यक जीवनकाल १४·८ महिने, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांचा ११·९ महिने आढळला. हा फरक ट्रास्टुझुमॅबने मिळविलेल्या लाभाएवढाच आहे.